शिवलेलं शेवटचं प्रकरण

कादंबरी हातात आली की मी अजूनही आधी तिची शेवटची पानं चाचपून बघते. ती सुटी असतात. सगळ्यांच्याच कादंबऱ्यांची सुटी असतात, त्यात विशेष काही नाही. तरी दर वेळी थोडं चुकल्याचुकल्यासारखं होतं. नोकरीची पहिली काही वर्षं मी अशा घरात काढली, जिथं प्रत्येक कादंबरीचं शेवटचं प्रकरण पांढऱ्या दोऱ्यानं शिवून टाकलेलं असायचं.

शिवणारे आमचे घरमालक. सगळं घाटंजी गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, मीही तेच म्हणायचे. झरी जामणीकडच्या शाळांत अख्खी नोकरी करून निवृत्त झालेले, उंच, किडकिडीत, आणि भर उन्हाळ्यातही गळ्यात मफलर. मफलर का, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "वर थंडी असते ना." वर म्हणजे कुठं, हे विचारण्यात धोका होता. विचारलं की ते तुम्हाला हाताला धरून अंगणात न्यायचे, आभाळाकडे बोट करायचे, आणि मग तुमचा अर्धा तास तुमचा राहायचा नाही.

मी सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर नेमणूक होऊन आले होते. खोल्या शोधताना लोकांनी मला काय काय विचारलं होतं: कुठल्या, कोणाच्या, मांस-मच्छी खाता का, लग्न ठरलंय का. गुरुजींनी यातलं काहीच विचारलं नाही. ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि एकदम गंभीर होऊन म्हणाले, "मॅडम, समजा तुम्ही सिनेमाले गेल्या. शेजारचा माणूस मधातच शेवट सांगून टाकते. तुम्ही काय करान?"

"उठून दुसरीकडे बसेन," मी म्हटलं.

"अन् दुसरीकडचाही सांगाले लागला त?"

"भांडेन."

ते आत वळून ओरडले, "अवो, खोली देली!"

आतून त्यांच्या बायकोचा, काकूंचा, आवाज आला, "नाव त विचारा बाईचं!"

माझ्या आधी त्या खोलीत एक तरुण तलाठी राहायचा. तो गुरुजींकडून पुस्तकं न्यायचा आणि दोरा उसवून शेवट आधी वाचायचा, म्हणून त्याला खोली सोडावी लागली, असं काकू सांगायच्या. काकूंना कुठलीही गोष्ट तिखट-मीठ लावल्याशिवाय सांगताच यायची नाही, पण ही खरी असावी. शिवण उसवून पुन्हा घातलेली एक कादंबरी मी स्वतः पाहिली आहे. टाके वाकडे होते.

खोली चांगली होती, फक्त छपराचं एक कवेलू फुटलेलं होतं. दुपारी तिथून उन्हाचा एक दांडा खाली यायचा आणि माझ्या खाटेवर हळूहळू सरकत जायचा. पावसाळ्यात तिथूनच पाणी यायचं. मी गुरुजींना सांगितलं. ते वर बघून म्हणाले, "पुढच्या भागात बघू."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. नळाची चकती गेली, पुढच्या भागात. दाराची कडी निसटली, पुढच्या भागात. काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या. "लग्नात म्हणले, तुले समुद्र दाखवतो. म्हातारी झाली मी, पुढचा भाग काही लागला नाही." गुरुजी यावर मनापासून हसायचे. आपल्यावर केलेली थट्टा त्यांना दुसऱ्याबद्दल चालली आहे असंच वाटत असावं.

गल्लीतली पोरं त्यांच्याकडे फुकट शिकायला यायची. सूर्यमाला शिकवायची तर सूर्य म्हणजे बाजारातून आणलेला पिवळाधमक भोपळा, तिकडचं कोहळं; पृथ्वी लिंबू आणि चंद्र बोर. गुरुजी लिंबू घेऊन कोहळ्याभोवती अंगणभर फिरायचे, स्वतःभोवती गिरक्या घेत, मफलर उडवत. पोरं खिदळायची. शिकवून झालं की काकू येऊन सूर्य उचलायच्या आणि विळीवर धरायच्या. त्या रात्री आमच्याकडे सूर्याची भाजी असायची, आणि ती चांगलीच तिखट असायची.

एवढ्यावरून माणूस विक्षिप्त म्हणून सोडून दिला असता. पण शिवण्यामागचं कारण त्यांनी एकदा सांगितलं, तेव्हापासून मी हसायचं थांबवलं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. सकाळी वर्तमानपत्र आलं की ते आधी कोणी उघडायचं यावरून घरोघरी टाळाटाळ व्हायची. पहिल्या पानावर कुठल्या तरी गावाचं नाव आणि गेलेल्या माणसाचं नाव असायचं, आणि गाव बहुतेक वेळा आमच्याच जिल्ह्यातलं असायचं. मोठ्या गाड्या यायच्या, लोक उतरायचे, लिहून घेऊन परत जायचे. माझ्या खिडकीवर झोप लागत नाही म्हणून गोळी मागणारे वाढले होते. गुरुजी पेपर मागून उघडायचे. शेवटच्या पानावरून पुढं पुढं यायचे आणि पहिल्या पानाशी आले की घडी घालून ठेवायचे.

"मॅडम, पाह्यलं का तुम्ही," एक दिवस म्हणाले, "आजकाल माणसाचा शेवट पह्यले छापते. त्याचं नाव मंग. अन् तो हसे कसा, त्याले काय आवडे, हे त छापतच नाही. आपल्याले माणूस शेवटापासून कळून राह्यला. मले हे पटत नाही."

म्हणून ते शिवायचे. पुस्तक नवं आलं की अनुक्रमणिका बघून शेवटचं प्रकरण न वाचता चिमटीत धरायचे, तोंड दुसरीकडे करायचे आणि गोधडीच्या सुईनं टाके घालायचे. स्वतःलासुद्धा शेवट माहीत असता कामा नये, हा नियम. त्याची पाळी येईल तेव्हाच ब्लेडनं दोरा कापायचा.

आमची गल्ली कापसाच्या जिनिंग गिरणीच्या मागच्या बाजूला होती. हंगामात तिथली रुई वाऱ्यावर उडून यायची. तारांवर, तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, गुरुजींच्या टीव्हीच्या अँटेनावर तिचे पुंजके बसायचे. संध्याकाळी लाइट गेली की सगळं काळं व्हायचं आणि ते पुंजके तेवढे पांढरे दिसत राहायचे. वर तारे, खाली रुई. मला त्या गल्लीत कितीदा तरी असं वाटलं आहे की आपण जमिनीवर नाही आहोत. मी विज्ञान शिकलेली, मला असं वाटू नये. पण वाटायचं.

त्याच दिवसांत टीव्हीवर ती मालिका सुरू झाली. एक यान पृथ्वीवरून निघतं, वाट चुकतं, आणि दर आठवड्याला नव्या आकाशात भटकत घरी परतायची वाट शोधतं. माणसांचे कपडे चंदेरी, आणि यानाच्या भिंतीवरची निम्मी बटणं आपल्या घरातल्या पंख्याच्या बटणांसारखी. गल्ली तिला 'यानवाली' म्हणायची. पहिले काही भाग सगळ्यांनी गुरुजींच्या पुढच्या खोलीत दाटीवाटीनं बसून पाहिले. मग भारनियमनाचं वेळापत्रक बदललं आणि लाइट नेमकी यानवालीच्या वेळेला जायला लागली.

दुसरं कोणी असतं तर वीज मंडळाच्या नावानं खडे फोडले असते. गुरुजी दर गुरुवारी नेमानं टीव्हीवरचं भरतकामाचं कापड काढायचे. लोकही नेमानं यायचे. काळ्या काचेसमोर आम्ही सगळे बसायचो, आली तर आली म्हणून. काचेत दाराबाहेरचा संधिप्रकाश आणि आमचीच डोकी दिसायची. कोणी हसायचं नाही. थोड्या वेळानं गुरुजी म्हणायचे, "यान तिकडं चालूनच राह्यलं असन. आपल्याले दिसत नाही, येवढंच." मग सगळे उठायचे.

या मालिकेवरून केलेली मराठी कादंबरी निघाली आहे, हे त्यांना पेपरच्या शेवटच्या पानावर कळलं. यवतमाळच्या दुकानात सांगून ठेवलं आणि पुस्तक एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती आलं. गुरुजी ते बसस्टँडवरून दोन्ही हातांत धरून चालत घरी घेऊन आले. मुखपृष्ठावर चंदेरी कपड्यांतले नट ओळीनं उभे होते. त्यांनी आल्या आल्या त्यावर शाळेच्या वहीसारखं खाकी कव्हर चढवलं. "तोंडं आपण ठरवायचे," म्हणाले. मग सुईत दोरा ओवला.

पुस्तक तसं घाईत लिहिलेलं होतं. एका प्रकरणात कप्तानाचे केस पिकलेले, दुसऱ्यात काळेभोर. हवा नसलेल्या जागी स्फोटाचा दणदणीत आवाज. मी ही चूक दाखवली तर गुरुजी शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्या दवाखान्यात सगळे आजार पुस्तकाप्रमाणंच येते का?" 

वाचन गुरुवारीच सुरू झालं, आणि पहिल्याच दिवशी गोंधळ झाला. गुरुजी दर पावसाळ्यात वर्षावासाचं ग्रंथवाचन करायचे. विहारात तीन महिने रोज संध्याकाळी, आणि संपलं की समाप्तीला खीर. त्यांचा आवाज लोकांच्या कानात त्या वाचनाचा बसलेला. त्यामुळं गल्लीतल्या बाया पांढरी लुगडी नेसून आल्या. मेणबत्ती लागली. पाटावर पांढरं कापड अंथरलं गेलं आणि यानवालीच्या पुस्तकाला एकेकीनं हात जोडले.

गुरुजी घाबरलेच. "अवो, हे कादंबरी हाय! टीव्हीवरची! ग्रंथ नाही हा!"

"वाचणारे तुमीच ना?" पुढं बसलेली एक बाई म्हणाली. "मंग झालं तर. समाप्तीले खीर मी करीन."

ती समोरच्या घरातली पंचफुलाबाई. दिवसभर लोकांच्या वावरात कापूस वेचायची. बोंडांच्या टोकांनी तिची बोटं फाटलेली असायची, मलम घ्यायला माझ्या खिडकीवर यायची आणि मलमापेक्षा बोलायलाच जास्त थांबायची. तिचा एकुलता एक मुलगा मिलिंद बोअर मारायच्या गाडीवर कामाला लागून दक्षिणेत गेला होता. आधी कोपऱ्यावरच्या दुकानात त्याचा फोन यायचा. मग कमी झाला, मग बंद झाला. गाडीवाल्याचा ठावठिकाणा वणीच्या एका एजंटाला माहीत होता, पण ती वणीला जात नव्हती. एकदा मी विचारलं तर मलम लावता लावता म्हणाली, "जाईन न बाई. पण इचारलं अन् त्यानं भलतंच सांगतलं, त?"

यानात एक कोवळा तंत्रज्ञ होता. काही बिघडलं की दोरी कमरेला बांधून त्यालाच बाहेर अंधारात पाठवायचे. टीव्हीवर दिसला तेव्हा त्याचा भांग मिलिंदसारखा उजवीकडून होता, असं पंचफुलाबाईचं म्हणणं. प्रत्येक वाचनाला ती एकच प्रश्न विचारायची.

"त्या पोट्ट्याले जेवाले भेटलं का?"

पुस्तकात कोणी जेवतच नव्हतं. लेखकानं सगळ्यांना एकेक गोळी देऊन मोकळं केलं होतं. पहिल्यांदा गुरुजींनी ती गोळी वाचली, तर पंचफुलाबाईचा चेहरा इतका पडला की ते थांबले. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "तुह्या दवाखान्यात भेटते का वो असली गोळी? खाल्ली का भूकच नाही लागत?"

"नाही मिळत," मी म्हटलं.

"मंग त्याइले कोण देली?"

पुढच्या गुरुवारपासून यानात चूल पेटली. गुरुजी वाचता वाचता पानाच्या खाली कुठंतरी नजर रोखायचे आणि त्याच आवाजात म्हणायचे, "तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी आणली. तो तरुण पोटभर जेवला." मी मागून पुस्तकात डोकावायचे. तिथं अंबाडी नव्हती. हळूहळू यानात ठेचा आला, तुरीच्या दाण्यांची आमटी आली, एका संकटानंतर तर सगळ्यांनी रोडगे केले. मी अंधारात ओठ दाबून हसायचे. पण मेणबत्ती हलायची, बाहेर रुई उडत असायची, गुरुजींचा आवाज संथ चालू असायचा, आणि मला खरोखर वाटायचं की अंगण, ओसरी, काकूंचे पितळी डबे, आम्ही सगळे सावकाश कुठंतरी चाललो आहोत. खाली काही नाही आणि भीतीही नाही. तसं सुख मला पुढं फार ठिकाणी मिळालं नाही.

वावरात उलंगवाडी झाली, शेवटची वेचणी होऊन नुसत्या वाळक्या पळाट्या उभ्या राहिल्या, तेव्हा पुस्तकही संपत आलं होतं. आणि मालिका बंद पडली. मधेच, काही न सांगता. तिच्या जागी गाण्यांचा कार्यक्रम लागला. यान घरी पोचलं की नाही, हे आता फक्त त्या पांढऱ्या दोऱ्याच्या आत होतं.

त्या आठवड्यात पंचफुलाबाई आमच्या ओसरीवर आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "गुरुजी, मी मनात धरलं हाय. यान घरी आलं का माहा मिलिंद येईन."

गुरुजींनी चष्मा काढला. "पंचफुला, हे काय बोलून राह्यली तू? आपण असं मानतो का? पुस्तकाचा अन् पोट्ट्याचा काय संबंध?"

"मले माहीत हाय, नसते," ती म्हणाली. "पण मी धरलं." आणि निघून गेली.

गुरुजी त्या दिवशी लिंबू घेऊन फिरले नाहीत. जेवताना भाताचे घास मोजल्यासारखे खात राहिले. मी म्हटलं, "गुरुजी, एकदा नियम मोडा. आधी दोरा कापून बघून घ्या. वाईट असेल तर विचार करायला वेळ मिळेल." त्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

काकू भाकरी वाढत म्हणाल्या, "त्यात काय येवढं? इतके दिवस यानात भाकऱ्या भाजल्या, मी ऐकत नोयती का? शेवटी एक यान उतरवाचं अंगणात. तेही तुमचंच."

"भाकर टाकली ते येगळं," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका खाली गेलेला कधी ऐकला नव्हता. "माणूस घरी आला म्हणून कसं सांगू? उद्या पंचफुला दारात बसून राहीन ना वाट पाहात. माह्या शब्दावर."

काकूंनी भाकरीची टोपली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तुमीच शिकवलं तिले. तुमी पुस्तकं शिवता, ते पोट्ट्याची खबर शिवून बसली."

गुरुजींनी ताट सरकवलं आणि अंगणात जाऊन उभे राहिले. मला त्यांची दया आली आणि थोडा रागही आला. एवढ्या मोठ्या माणसानं टाके घालत बसावं, आणि त्या बाईला वणीची एस.टी. दाखवू नये.

समाप्तीच्या दिवशी पंचफुलाबाईनं सकाळपासून खीर शिजवली. गल्ली जमली. पाट, पांढरं कापड, मेणबत्ती, सगळं मांडून झालं आणि आम्ही लाइट जायची वाट बघत बसलो. ती गेलीच नाही. इतक्या महिन्यांत त्याच गुरुवारी वीज मंडळाला आमची आठवण झाली. बल्ब ढणढणत राहिला, कोणीतरी टीव्ही लावला, त्यावर कोणी नाचत होतं. शेवटी पंचफुलाबाईच उठली. टीव्ही बंद केला, बल्बचं बटण दाबलं, आणि अंधार झाल्यावर जागेवर येऊन बसली.

गुरुजींनी ब्लेड तिच्याच हाती दिलं. तिच्या फाटक्या बोटांनी तिनं एकेक टाका कापला. दोरा गोळा करून पदराच्या टोकाला बांधला. गुरुजी वाचू लागले.

यानातलं इंधन संपलं होतं. पृथ्वीची दिशा कळली होती, पण तिथवर पोचायची ताकद राहिली नव्हती. मग त्यांनी जवळच्या एका अनोळखी ग्रहावर यान उतरवलं. तिथं माती होती, पाणी होतं. तिथंच राहायचं ठरलं. तो कोवळा तंत्रज्ञ रोज संध्याकाळी यंत्र लावून पृथ्वीच्या दिशेनं एकच निरोप पाठवत राहिला: आम्ही इथं आहोत. उत्तर येत नव्हतं. "तरीही तो पाठवत राहिला," गुरुजींनी वाचलं. पानाच्या खाली नजर रोखली, आणि म्हणाले, "मग तो पोटभर जेवला."

पुस्तक मिटलं.  मला पंचफुलाबाईकडे बघवेना.

"गुरुजी," ती म्हणाली, "हे छापेल हाय का तुमचं हाय?"

गुरुजींनी पुस्तक उघडून माझ्यापुढं धरलं. मी मेणबत्ती जवळ घेऊन ते पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हटलं, "सगळं छापलेलं आहे. जेवण सोडून."

"जेवणाचं मले पह्यलेपासून माहीत हाय," ती म्हणाली. "ते गुरुजीचं असते." अंधारात कोणीतरी हसलं. "पण ते पोट्टं जितं हाय, हे छापेल हाय ना?"

"हो."

"अन् ते रोज सांगून राह्यलं, का मी अथी हावो."

"हो."

"मंग इकडून त्याले आणाले कोणी गेलं काहून नाही?"

गुरुजींनी तोंड उघडलं. त्यांच्या ओठांवर ते नेहमीचे दोन शब्द आलेले मला दिसले, 'पुढच्या भागात', आणि ते बाहेर पडले नाहीत.  पंचफुलाबाई उठून खीर वाढायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात निघाले तर गुरुजी अंगणात तयार उभे. मफलर, पिशवी आणि काखेत शाळेतला भिंतीवर लावायचा नकाशा गुंडाळून. काकू फडक्यात भाकरी बांधत होत्या. "यवतमाळच्या पुढं एकटे गेले नाही कधी," मला म्हणाल्या, "अन् निघाले. आधी वणी, मंग बल्लारशावरून गाडी. तिकडची बोली तरी येते का याइले?"

"नकाशा हाय ना," गुरुजी म्हणाले. तेवढ्यात पंचफुलाबाई आली. धुतलेलं लुगडं, पायात चपला, हातात डबा. डब्यात रात्रीची खीर होती. ती इतक्या लांब टिकायची नाही, हे मी सांगणार होते, मग सांगितलं नाही.

गुरुजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. काकूंचा समुद्र राहिलाच. गुरुजींच्या शेवटच्या दिवसांत मी भेटायला गेले होते, तेव्हा उशाशी शिवलेलं एक पुस्तक होतं, आणि ते कापायचं राहून गेलं याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. मफलर मात्र होता. त्यांची आठवण म्हटली की मला ना कोहळं आठवतं ना नकाशा. मला तो फोन आठवतो.

ते दोघं मिलिंदच्या शोधात निघाल्यापासून घर फार शांत झालं होतं. गुरुवार आला आणि गेला. लाइटही गेली. काकू आणि मी टीव्हीसमोर बसलो, कापड न काढताच. दुसऱ्या दिवशी दुपारी कोपऱ्यावरचा दुकानदार धावत आला. "काकू, गुरुजीचा फोन हाय! पुन्हा लावतो म्हणले."

काकू उठल्या आणि पुन्हा बसल्या. "तूच जाय वो पोरी. माह्यानं ऐकणं होत नाही."

मी अनवाणीच पळाले. फोन वाजला. त्यात वाऱ्यासारखी घरघर होती आणि तिच्या पलीकडून, फार लांबून, गुरुजींचा आवाज आला. "मॅडम का? हा. आम्ही पोचलो."

"सापडला का?"

"पायाले लागलं त्याच्या. मशीनखाली आला होता पाय. त्या गाडीवाल्याचं काय, इतके दिवस फोन काहून केला नाही, ते समदं पुढच्या भागात." घरघर वाढली, मग कमी झाली. "आता येवढंच सांगा तिकडं. पंचफुला वाढून राह्यली, अन् पोट्टं जेवून राह्यलं."

मी फोन दोन्ही हातांनी धरला होता.  इतक्या गुरुवारी त्या माणसानं मला इतक्या भाकरी खाऊ घातल्या होत्या की विचारल्याशिवाय राहवेना.

"गुरुजी," मी म्हटलं, "हे छापलेलं आहे, की तुमचं?"

तिकडं रिसीव्हर कुठंतरी फिरवल्यासारखा खरखरला. मग भांड्याचा आवाज आला आणि पंचफुलाबाईचं कोणावर तरी ओरडणं, अजून घे, अजून घे.

"छापेल हाय, मॅडम," गुरुजी म्हणाले. "छापेल."